घरी शिकणाऱ्या मुलीचं ट्रान्स्क्रिप्ट कोण देणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही न्यू जर्सीत राहता, मुलीला आठवीनंतर शाळेतून काढून घरी शिकवायला घेतलंत, आता तिची नववी संपत आली आहे. ट्रान्स्क्रिप्ट (हायस्कूलच्या चार वर्षांचे विषय आणि ग्रेड यांची नोंद) कोण देणार, डिप्लोमा (हायस्कूल पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र) कोणाच्या सहीचा चालणार, आणि एक ऑनलाइन संस्था वर्षाची फी भरली की ‘मान्यताप्राप्त’ डिप्लोमा देतो म्हणते आहे, तो घेऊन टाकावा का? शिवाय जाता जाता एक ओळ: उद्या भारतात परत जावं लागलं तर?

पहिल्या दोन्हींचं उत्तर एकच. तुम्ही. ट्रान्स्क्रिप्ट तुम्ही बनवायचं, त्यावर सही तुमची, आणि डिप्लोमाही तुम्हीच द्यायचा. एवढ्याने आपल्या लोकांचं समाधान होत नाही हे मला ठाऊक आहे. मी पेन्सिल्व्हेनियात घरी शिकणाऱ्या मुलांची वार्षिक मूल्यमापनं करते, त्याआधी माझी दोन्ही मुलं घरीच शिकून कॉलेजला गेली, आणि मराठी आई-बाबांशी बोलताना हा मुक्काम हमखास येतो. आपण बोर्डाची माणसं. गुणपत्रिका म्हटली की मंडळाचा शिक्का, बैठक क्रमांक आणि सचिवांची सही. बापाने सही केलेली गुणपत्रिका म्हणजे आपल्याकडे सरळसरळ खोटी गुणपत्रिका!

पण इथे तसं बोर्डच नाही. तुमच्या शेजारच्या पब्लिक, म्हणजे सरकारी, हायस्कूलचं ट्रान्स्क्रिप्टही त्या शाळेनेच स्वतः छापलेलं असतं. ग्रेड वर्गावरच्या शिक्षकाने दिलेली, त्यामागे देशभर एकच अशी परीक्षा नाही. एका शाळेतला ए आणि दुसऱ्या शाळेतला ए सारखा नसतो हे कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाला पक्कं माहीत असतं, आणि शाळेशाळेतला तो फरक वाचण्याचाच त्यांना पगार मिळतो. तेव्हा सही कोणाची हा प्रश्न इथे लवकर मिटतो. उरतो तो दुसरा, जास्त अवघड प्रश्न: त्या सहीमागे काय आहे? माझा सगळा भर त्यावरच असतो, आणि त्याचं उत्तर बारावीत बसून तयार करता येत नाही. ते नववीपासून जमवावं लागतं.

आधी राज्याचं बोलू, कारण पुढचं बरंच त्यावर अवलंबून आहे. न्यू जर्सीत तुम्ही सगळ्यात मोकळे आहात. तिथला कायदा शाळेबाहेर ‘समतुल्य शिक्षण’ देण्याची मुभा देतो, १९६७ च्या मासा खटल्यात न्यायालयाने ती पालकांच्या बाजूने मोकळी करून दिली, आणि आज तिथे दरवर्षी कुठे नोंदणी करावी लागत नाही की वही दाखवावी लागत नाही. (मुलगी पब्लिक शाळेत होती, म्हणून काढताना लेखी पत्र दिलं असेल तर त्याची प्रत जपा. दिलं नसेल तर आता द्या.) या मोकळीकीची दुसरी बाजू अशी की डिस्ट्रिक्ट (तुमच्या भागातल्या सरकारी शाळांचं प्रशासन) तुम्हाला काहीच देत नाही, डिप्लोमा तर नाहीच. राज्याच्या नावाचाच कागद हवा असेल तर समकक्षता परीक्षा किंवा ३० कॉलेज क्रेडिटांचा मार्ग आहे, पण कॉलेज प्रवेशासाठी सहसा त्याची गरज पडत नाही.

माझ्या राज्यात उलटं आहे. दरवर्षी अ‍ॅफिडेव्हिट, पोर्टफोलिओ, माझ्यासारख्या मूल्यमापकाची भेट, आणि ३० जूनच्या आत सुपरिटेंडंटकडे, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाकडे, पत्र. मोबदल्यात २०१४ च्या कायद्यापासून पालकांनी दिलेला डिप्लोमा, बारावीच्या मूल्यमापकाची त्यावर सही असेल तर, राज्य मान्य करतं. न्यू यॉर्कमध्ये पालकांच्या डिप्लोमाला राज्य ओळखतच नाही. तिथल्या कॉलेजांतून पदवी घेताना सुपरिटेंडंटचं समकक्षतेचं पत्र, जीईडी (हायस्कूलची समकक्षता परीक्षा), ठरावीक २४ कॉलेज क्रेडिटं किंवा राज्याच्या रीजंट्स परीक्षा असं काहीतरी दाखवावं लागतं. टेक्सासमध्ये १९९४ च्या लीपर निकालापासून घरची शाळा ही खासगी शाळाच धरली जाते. कॅलिफोर्नियात घरची शाळा खासगी शाळा म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात अ‍ॅफिडेव्हिट भरते, पण युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची ए-जी ही विषययादी घरच्या कोर्सना आपोआप लागू होत नाही, त्यामुळे तिथे एपी परीक्षा (हायस्कूलमध्येच देता येणाऱ्या कॉलेज पातळीच्या परीक्षा) आणि कम्युनिटी कॉलेजच्या (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजच्या) कोर्सवर भर द्यावा लागतो.

एवढं सांगायचं कारण म्हणजे आपली माणसं नोकरीपायी राज्यं बदलतात. चार वर्षांत तुम्ही न्यू जर्सीतच असाल याची तुम्हाला खात्री आहे का? नसेल तर कडक राज्यात चाललं असतं असं दफ्तर आजपासून ठेवा. फार काही नाही. पेन्सिल्व्हेनियाचा कायदा जी नोंद मागतो ती एक वही आहे, शिकवताना त्या त्या वेळी लिहिलेली, वाचलेल्या पुस्तकांच्या नावांसह, आणि सोबत लेखनाचे व गृहपाठाचे नमुने. ‘त्या त्या वेळी’ हे महत्त्वाचं. वर्षाअखेरीस एका बैठकीत लिहून काढलेली वही मी पहिल्या चार पानांत ओळखते: शाई एक, अक्षर एक, आणि दर सोमवारी मूल तितकंच हुशार.

राज्याइतकीच दुसरी गोष्ट निर्णायक आहे, आणि तिच्याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. मुलगी दहावी-अकरावीत पब्लिक हायस्कूलमध्ये परत जाण्याची शक्यता आहे का? कॉलेजं पालकांचं ट्रान्स्क्रिप्ट सहज घेतात, पण पब्लिक हायस्कूल घेईलच असं नाही. घरच्या वर्षांना किती क्रेडिट द्यायचं हे बऱ्याच ठिकाणी ती शाळा किंवा डिस्ट्रिक्टच ठरवतं. कुणी त्यांच्या परीक्षा द्यायला लावतं, कुणी एखादं वर्ष परत करायला सांगतं. नववी संपताना हा निर्णय घेतलेला बरा. अकरावीच्या मध्यात परत जायचं म्हटलं तर मनस्ताप ठरलेला.

आता प्रत्यक्ष कागद. ट्रान्स्क्रिप्ट एका पानाचं असावं. वर मुलीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, घरच्या शाळेचं नाव. नाव साधं ठेवा, आडनाव आणि पुढे होमस्कूल किंवा अकॅडमी. भारदस्त इन्स्टिट्यूट वगैरे नको, वाचणाऱ्याला उगाच वाटतं की काहीतरी लपवलं जातंय. सोशल सिक्युरिटी क्रमांक घालू नका. खाली वर्षवार विषय, प्रत्येकासमोर क्रेडिट आणि ग्रेड, शेवटी एकूण क्रेडिटं, जीपीए (ग्रेडची सरासरी), ग्रेड कशी मोजली त्याचं कोष्टक, हायस्कूल पूर्ण झाल्याची तारीख (पुढे येणार असेल तर अपेक्षित), आणि तुमची सही व तारीख. बाहेरून घेतलेल्या कोर्सपुढे एखादी खूण आणि तळाला त्या संस्थेचं नाव. तिने आठवीत शाळेत अल्जिब्रा १ केलं असेल तर त्या शाळेकडून नोंद मागून घ्या. हायस्कूलच्या पातळीचा विषय आठवीत झाला अशी नोंद ट्रान्स्क्रिप्टवर करता येते, जीपीएत मात्र सहसा धरत नाहीत.

क्रेडिट म्हणजे काय, यावर लोक फार अडतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्नेगी फाउंडेशनने रूढ केलेलं माप असं की एका विषयाचे वर्षभरात सुमारे १२० तास म्हणजे एक युनिट. आजही ढोबळ हिशेब तोच आहे. पण तासांचा मीटर लावून बसू नका. हायस्कूल पातळीचं गणिताचं पुस्तक पूर्ण झालं की एक क्रेडिट झालं, ते १०० तासांत झालं असो की १६०. तास मोजायचे ते ज्या विषयाला पुस्तक नाही तिथे: नृत्य, चित्रकला, प्रोग्रॅमिंग. चार वर्षांचा सांगाडा हवा असेल तर आमच्या राज्याची हायस्कूल पूर्ण करण्याची अट वापरा: इंग्रजी ४ वर्षं, गणित ३, विज्ञान ३, सामाजिक शास्त्रं ३, कला व मानव्यविद्या २. चांगल्या कॉलेजांना याहून थोडं जास्त हवं असतं, चौथं वर्ष गणिताचं, प्रयोगांसह विज्ञान, आणि एका परकीय भाषेची किमान दोन-तीन वर्षं.

प्रयोगांसह विज्ञान म्हणजे यूट्यूबवर प्रयोग पाहणं नव्हे. मुलीने हाताने केलेला प्रयोग, मांडलेली निरीक्षणं, चुकलेलं निरीक्षण खोडून परत लिहिलेलं, अशी एक प्रयोगवही असू द्या. ती वही बहुधा कुणी मागणार नाही. पण मागितली तर तेव्हा बनवता येत नाही.

जीपीए एकदा हाताने काढून बघा, भीती जाते. समजा नववीत असं आहे: इंग्रजी १ क्रेडिट ए, भूमिती १ क्रेडिट बी, जीवशास्त्र १ क्रेडिट ए, जगाचा इतिहास १ क्रेडिट ए, मराठी १ क्रेडिट बी, भरतनाट्यम अर्धं क्रेडिट ए. ए ला ४, बी ला ३. गुण झाले ४ + ३ + ४ + ४ + ३, आणि नृत्याचे अर्ध्या क्रेडिटाचे २, म्हणजे २०. क्रेडिटं साडेपाच. २० भागिले ५.५ म्हणजे ३.६४. संपलं. ऑनर्सला (नेहमीपेक्षा वरच्या पातळीच्या विषयाला) अर्धा आणि एपीला एक गुण वाढवून ‘वेटेड’ जीपीए काढायची पद्धत आहे, पण मी पालकांना साधाच द्या म्हणते. पुष्कळ कॉलेजं आपल्या पद्धतीने तो परत मोजतात, आणि स्वतःच्या मुलीला स्वतःच वाढीव गुण देणारा बाप फारसा शोभत नाही.

एपी या अक्षरांबाबत सांभाळा. ते नाव कॉलेज बोर्डाचं, म्हणजे या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं आहे. तुमचा अभ्यासक्रम त्यांच्या कोर्स ऑडिटमधून मंजूर झाला असेल तरच ट्रान्स्क्रिप्टवर विषयाला ‘एपी’ म्हणायचं. घरी शिकवणारे पालकही अभ्यासक्रम पाठवू शकतात, पुष्कळ जण पाठवतात. तेवढा खटाटोप नको असेल तर विषयाला ‘ऑनर्स’ म्हणा आणि एपी परीक्षेचा गुण वेगळ्या ओळीत द्या. परीक्षा कुणालाही देता येते, पण ती मे महिन्यात असली तरी बाहेरच्या मुलाला बसू देणारी शाळा सप्टेंबर-ऑक्टोबरातच शोधावी लागते, कारण शाळांना प्रश्नपत्रिकांची मागणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत नोंदवायची असते. फेब्रुवारीत फोन करणाऱ्या पालकांना दरवर्षी नकार मिळतो. एसएटी या कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या अर्जात शाळेचा संकेतांक विचारतात तिथे घरी शिकणाऱ्यांचा ९७०००० आहे.

आता ग्रेडचा नाजूक मुद्दा. घरी विषय पक्का झाल्याशिवाय आपण पुढे जात नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी ए येतो. यात लबाडी काही नाही. पण प्रवेश कार्यालयात बसलेल्या माणसासमोर सगळीकडे ए असलेलं ट्रान्स्क्रिप्ट आणि एसएटीतले बेताचे गुण असे दोन कागद शेजारी शेजारी पडले की तो कोणत्या कागदावर विश्वास ठेवणार? म्हणून माझा आग्रह असा असतो की अकरावी संपेपर्यंत प्रत्येक मुख्य विषयात बाहेरच्या माणसाने दिलेलं एक तरी माप असावं. एपीचा गुण, कम्युनिटी कॉलेजचा एक कोर्स, एसएटी किंवा एसीटी, गणिताची एएमसी स्पर्धा, काहीही. २०२० नंतर पुष्कळ कॉलेजांनी एसएटी ऐच्छिक केली, काहींनी परत सक्तीची केली, एमआयटीने तर २०२२ मध्येच. पण घरी शिकलेल्या मुलाने ‘ऐच्छिक’ हा शब्द फार मनावर घेऊ नये. शाळेतल्या मुलाकडे ऐच्छिक कागद नसला तरी शाळा असते.

कम्युनिटी कॉलेज हा यातला मला सगळ्यात आवडणारा मार्ग. ड्युअल एनरोलमेंटमध्ये मुलगी दहावी-अकरावीतच एक-दोन कोर्स घेते, तीन क्रेडिटांचा सत्रभराचा कोर्स हायस्कूलच्या एका क्रेडिटाबरोबर धरायची पद्धत सर्रास आहे, आणि शिफारसपत्र देणारा, तुमच्या रक्तानात्याचा नसलेला प्राध्यापकही मिळतो. पण एक सांगते, ते कुणी आधी सांगत नाही: ती ग्रेड कायमची असते. मुलीला पुढे डॉक्टर व्हायचं असेल तर मेडिकल स्कूलच्या सामायिक अर्जात, म्हणजे अ‍ॅमकासमध्ये, हायस्कूलमध्ये असताना घेतलेले कॉलेजचे कोर्ससुद्धा दाखवावे लागतात आणि जीपीएत मोजले जातात. पंधराव्या वर्षी हौसेने घेतलेल्या रसायनशास्त्रातला सी बाविसाव्या वर्षी समोर उभा राहतो. तेव्हा पहिला कोर्स असा निवडा, जो तिला नक्की झेपेल. आणि कॉलेजांना अर्ज करताना त्या कोर्सचं अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट कम्युनिटी कॉलेजकडूनच थेट जाऊ द्या. तुमच्या कागदावरची नोंद त्याची जागा घेत नाही.

मराठीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुम्ही दिलेल्या विषयांच्या यादीत ती आहे म्हणून सांगते. घरी मराठी बोलतो एवढ्यावर क्रेडिट देऊ नका. ते मुलीचं कर्तृत्व नाही, तिच्या आजीचं आहे. वाचन, लेखन, व्याकरण याला क्रेडिट. रविवारची मराठी शाळा दोन तासांची, वर्षात तीस रविवार धरले तर साठ तास, म्हणजे अर्धं क्रेडिट. घरी तेवढंच लेखन-वाचन झालं तर पूर्ण. ‘मराठी १’, ‘मराठी २’ असं चढत्या पातळीने लिहा. आणि इथे बाहेरचं माप मिळणं सोपं आहे, कारण अव्हांट या कंपनीची स्टॅम्प भाषा-परीक्षा मराठीतही होते. तिचा गुण ट्रान्स्क्रिप्टवर लिहिता येतो आणि त्यावर ग्लोबल सील ऑफ बायलिटरसी या द्विभाषिकतेच्या प्रमाणपत्रासाठीही अर्ज करता येतो. बोलण्यात पटाईत असलेली आपली मुलं लेखनात अडकतात, म्हणून परीक्षेआधी वर्षभर तिला मराठीत पानभर काहीतरी दर आठवड्याला लिहायला लावा. भरतनाट्यमबाबत एकच पथ्य: क्लासचे तास कला विषयाच्या क्रेडिटात घातले तर तेच तास अर्जाच्या छंद-उपक्रमांच्या यादीत पुन्हा मोजू नका. क्रेडिटाबाहेरचे कार्यक्रम, अरंगेत्रम, लहान मुलांना शिकवणं हे तिकडे लिहा.

ट्रान्स्क्रिप्टमागे दुसरा दस्तऐवज असतो, आणि माझ्या मते खरं वजन त्याचंच: विषयांची वर्णनं. एका विषयाला एक परिच्छेद. बहुतेक पालक असं लिहून आणतात: ‘भूमिती. मुलीने विषयाचा सखोल अभ्यास केला व तिला त्यात गोडी निर्माण झाली.’ यात वाचणाऱ्याच्या हाती काय लागलं? तेच असं लिहा (अर्थात इंग्रजीत): ‘भूमिती, १ क्रेडिट. पुस्तकाचं नाव, लेखक, आवृत्ती. सर्व प्रकरणं पूर्ण. सिद्धता, समरूपता, वर्तुळ, क्षेत्रफळ व घनफळ, निर्देशक भूमिती, त्रिकोणमितीची ओळख. प्रत्येक प्रकरणानंतर पुस्तक बंद ठेवून, वेळ लावून लेखी चाचणी. ग्रेड: चाचण्या ६० टक्के, गृहपाठ २०, अंतिम परीक्षा २०. शिकवणारे: वडील,’ आणि पुढे तुमचं शिक्षण. विशेषण एकही नाही. इंग्रजीसाठी वाचलेल्या पुस्तकांची यादी आणि लिहिलेल्या निबंधांचे विषय. हे परिच्छेद विषय संपला त्याच आठवड्यात लिहून टाकायचे. तीन वर्षांनी कोणती आवृत्ती होती हे कुणालाच आठवत नाही, आणि पुस्तक तोवर लायब्ररीत परत गेलेलं असतं.

कॉमन अ‍ॅपमधून (अनेक कॉलेजांच्या सामायिक ऑनलाइन अर्जातून) अर्ज करताना तुम्हीच काउन्सेलर, म्हणजे शाळेचा मार्गदर्शक. म्हणजे शाळेचा अहवाल, काउन्सेलरचं पत्र, घरच्या शाळेची माहिती देणारं एक-दोन पानांचं ‘स्कूल प्रोफाइल’, बारावीच्या मध्यावरचा अहवाल आणि शेवटचं ट्रान्स्क्रिप्ट, सगळं तुमच्या खात्यातून जातं. प्रोफाइलमध्ये घरी का शिकवलं, कसं शिकवलं, ग्रेड कशा दिल्या हे सांगा. शाळेबद्दलची नाराजी तिथे काढू नका. काउन्सेलरच्या पत्रात आईबापाने कौतुक करायला हरकत नाही, पण प्रत्येक कौतुकाला एक प्रसंग जोडा. शिक्षकांची शिफारसपत्रं मात्र बाहेरच्यांचीच हवीत, आणि ती देणारी माणसं अकरावीत ओळखीची असायला हवीत. मुलगी खेळाडू असेल आणि कॉलेजच्या संघात खेळायची स्वप्नं असतील तर एनसीएए या कॉलेज-क्रीडा संघटनेचं प्रकरण निराळं आहे. त्यांना १६ मुख्य विषयांचे कोर्स, प्रत्येकाचा वेगळा तपशीलवार फॉर्म लागतो, आणि ते काम नववीपासून करावं लागतं.

आर्थिक मदतीबद्दलही एक भीती असते. १९९८ च्या सुधारणेपासून, राज्याच्या कायद्याप्रमाणे घरी हायस्कूल पूर्ण केलेला विद्यार्थी फेडरल मदतीला पात्र आहे, फॅफ्सामध्ये, म्हणजे त्या मदतीच्या अर्जात, होमस्कूलचा पर्याय असतो. मुलगी अजून एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असेल तर फेडरल मदत मिळतच नाही, पण त्याचं कारण व्हिसा आहे, घरची शाळा नाही.

आता डिप्लोमा. माझ्या अनुभवात कॉलेजांनी ट्रान्स्क्रिप्टवरच काम भागवलं आहे. डिप्लोमा विचारला जातो तो पुढे, नोकरीच्या पार्श्वभूमी-तपासणीत किंवा एखाद्या परवान्याच्या अर्जात, तोही पदवी नसेल तेव्हा जास्त. जाड कागदावर मुलीचं नाव, घरच्या शाळेचं नाव, गाव व राज्य, ‘राज्याच्या कायद्यानुसार माध्यमिक शिक्षण पूर्ण केलं’ अशा अर्थाचं वाक्य, तारीख, आई-वडील दोघांच्या सह्या. तारीख ट्रान्स्क्रिप्टवरच्या तारखेशी जुळली पाहिजे आणि कॉलेजचं पहिलं सत्र सुरू होण्याआधीची पाहिजे. अर्जात ‘हायस्कूल डिप्लोमा आहे का’ विचारलं तर ‘हो’. कुणी खोलात विचारलं तर खासगी घरच्या शाळेचा, आणि सोबत ट्रान्स्क्रिप्ट. ‘सुरक्षित असावं’ म्हणून उगाच जीईडी देऊ नका. न्यू यॉर्कसारख्या ठिकाणी त्याचा उपयोग आहे, इतरत्र मात्र हायस्कूल अर्धवट सोडलेल्यांची परीक्षा अशीच त्याची ओळख आहे, आणि सैन्यभरतीत तर जीईडीवाल्यांना डिप्लोमावाल्यांच्या खालच्या गटात धरतात.

तुम्हाला फी मागणाऱ्या संस्थेबद्दल. मान्यता संस्थेला असते. तुमच्या स्वयंपाकघरात झालेल्या अभ्यासाला ती विकत लावता येत नाही. तेव्हा आधी हे बघा की ती संस्था नेमकं काय करते. स्वतःचे शिक्षक, स्वतःच्या परीक्षा, आणि मान्यता कॉग्निया किंवा मिडल स्टेट्ससारख्या ओळखीच्या मंडळाची, असं असेल तर ती ऑनलाइन खासगी शाळा आहे. चांगला पर्याय आहे, फक्त मग तुम्ही घरी शिकवत नाही, ती शाळा शिकवते. फी घेऊन तुम्ही दिलेल्या ग्रेड आपल्या लेटरहेडवर छापून देत असेल तर ती दफ्तर सांभाळायची सेवा आहे. वाईट नाही, पण त्यातून विश्वासार्हता फारशी वाढत नाही. आणि ‘अनुभवाच्या आधारे’ काही आठवड्यांत डिप्लोमा देत असेल तर फोन ठेवा. एक प्रश्न विचारून पाहा: तुमच्या कोर्सचं क्रेडिट कुठल्या पब्लिक हायस्कूलने घेतलं आहे, नाव सांगाल का? उत्तर कसं येतं त्यावरून कळतं. मी स्वतः ही फी दोनच परिस्थितींत भरेन. पब्लिक शाळेत परतायची शक्यता असेल तर, किंवा भारतात बारावीनंतर प्रवेश घ्यायचा असेल तर.

तुमच्या शेवटच्या ओळीचं उत्तर त्यामुळे असं. मुलगी इथली पदवी घेऊन पुढच्या शिक्षणाला भारतात जाणार असेल तर तिथे प्रामुख्याने ती पदवीच बघतात. पण बारावीनंतर लगेच भारतातल्या विद्यापीठात जायचं असेल तर समकक्षता प्रमाणपत्र (इथलं शिक्षण तिथल्या बारावीच्या तोडीचं असल्याचा दाखला) लागू शकतं, आणि तिथे मान्यताप्राप्त शाळेचा डिप्लोमा हवा, आईबापाच्या सहीचा चालत नाही. काही लोक सुचवतात की ट्रान्स्क्रिप्ट नोटराइज करून अपोस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून आंतरराष्ट्रीय करारानुसार लावला जाणारा सरकारी दाखला) लावून घ्या, भारत २००५ पासून त्या करारात आहे. अपोस्टिल लागतोही. पण तो नोटरीची सही खरी आहे एवढंच सांगतो. आतल्या ग्रेडबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. म्हणून भारताचा विचार खरोखर असेल तर दहावीच्या अखेरीस ठरवा आणि अकरावी-बारावी मान्यताप्राप्त ऑनलाइन शाळेतून करा, त्याआधी ज्या विद्यापीठाचा विचार आहे त्यांना काय लागतं हे ईमेलवर लेखी विचारून ठेवा.

तूर्त या उन्हाळ्यात नववीचं पान पुरं करा: विषय, क्रेडिट, ग्रेड, प्रत्येकाचं वर्णन, आणि प्रत्येक विषयातले दोन-तीन लेखी नमुने एका फोल्डरमध्ये, तारखांसह. सप्टेंबरमध्ये जवळच्या हायस्कूलच्या एपी समन्वयकाला आणि कम्युनिटी कॉलेजला एकेक फोन. तुमच्या यादीतलं विज्ञान मला नीट कळलं नाही. पुस्तक कोणतं आणि प्रयोग किती झाले ते कळवलंत तर त्याला ‘प्रयोगांसह’ म्हणता येईल का ते सांगते.